दहा मिनिटं मागे

"मिनिट सांगा, सिस्टर. अंदाज नको."

बाळ झालं की आम्हाला पेढ्याच्या आधी हे वाक्य ऐकायला मिळायचं. पंचवटीतल्या ज्या लहानशा प्रसूतिगृहात मी सिस्टर म्हणून आयुष्य काढलं, तिथल्या लेबर रूमबाहेरच्या बाकावर हे गृहस्थ मांडीवर छत्री आडवी घेऊन बसलेले असत. पत्रिका लिहिणं हा त्यांचा धंदा. धंदा म्हटलेलं त्यांना आवडत नसे, पण ते जाऊन आता बरीच वर्षं झाली आणि मीही निवृत्त झाले, तेव्हा रागवायला कुणी उरलेलं नाही. सगळी पंचवटी त्यांना गुरुजी म्हणे.

दर सोमवारी सकाळी ते रेडिओच्या वेळेशी मिळवलेलं मनगटी घड्याळ घेऊन येत. लेबर रूम रिकामी असली तर स्टूल ओढत, धोतर सावरत वर चढत आणि भिंतीवरचं घड्याळ मिळवून जात. नव्या पोरी तोंडावर हात ठेवून हसायच्या. मी हसत नसे. का, तेच सांगायला बसले आहे.

तुमच्या घरी पत्रिका निघत असेल तर तुम्हाला माहीतच असेल. जन्मवेळेवरून नक्षत्र निघतं. नक्षत्राचे चार चरण आणि प्रत्येक चरणाचं एक अक्षर. त्या अक्षरावरून बाळाचं नावरस नाव ठरतं. बारशाला आत्या ते बाळाच्या कानात सांगते आणि मग घरचे हाक मारायला आपल्या आवडीचं दुसरं नाव ठेवतात. नावरस नाव पत्रिकेत राहतं. पुन्हा ते निघतं लग्नाच्या वेळी.

विंचूरचे एक कांद्याचे व्यापारी होते. नवसाचा मुलगा झाला आणि गुरुजींनी अक्षर काढलं 'ढ'.

"आवो गुरुजी, ढ वरून नाव ठेवलं तर मास्तर लय हसतील ना पोराला!"

"कानात सांगा आणि विसरून जा. शाळेत घाला हवं ते," गुरुजी म्हणाले. "पण कागदावर ढ म्हणजे ढच."

पेठ तालुक्याकडची एक मजूर बाई आमच्याकडे बाळंत झाली होती. बांधकामावरून थेट आणली होती तिला. गुरुजींनी सवयीनं विचारलं, "नाव काय ठेवणार?" ती म्हणाली, "सोमी. सोमवारची हाय ना." गुरुजी मला म्हणाले, "यांचं बरं आहे, सिस्टर. वार कुणाचा चुकत नाही."

एरवी माणूस कडक. मालेगावच्या एका बापाला मूळ नक्षत्रावर मुलगी झाली. तो त्यांच्या पाया पडला. "गुरुजी, पाच मिनिटं इकडची तिकडं करा. कोणाला कळणार हाय?"

"मला कळेल," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी पाय मागे घेतले.

असे बाप माझ्या डोळ्यांदेखत चार-पाच तरी आले. एकालाही त्यांनी मिनिट दिलं नाही. मला तेव्हा त्यांचा राग यायचा आणि आदरही वाटायचा. शाईनं लिहिलेली ती पत्रिका, कडेला हळदीकुंकवाची बोटं. त्यात खोटं काही नसायचं. लोक त्यासाठीच त्यांच्याकडे यायचे.

त्यांना एकच मुलगी, सुमन. ती आमच्याकडेच झाली. मी तेव्हा नोकरीला लागून तीन महिने झाले होते. पहाटेची वेळ, बाळंतीण अडलेली, डॉक्टरीणबाई ओरडत होत्या. सगळं निभावल्यावर मी भिंतीकडे पाहिलं आणि रजिस्टरमध्ये साडेपाच लिहिलं. बाहेर येऊन गुरुजींना तेच सांगितलं. त्यांनी बाकावरच पंचांग उघडलं. आश्लेषा नक्षत्र पाच सदतीसला संपत होतं. साडेपाच म्हणजे आश्लेषा, शेवटचा चरण, अक्षर 'डो'. डो वरून मुलीचं नाव काय ठेवणार? बारशाला आत्यानं तिच्या कानात नुसतं कुर्रर्र केलं.

आश्लेषावरची सून सासूला वाईट, अशी समजूत आहे. आणि स्थळाला हो म्हणायचं ते सासूनं. पुढचं तुम्ही ओळखलं असेल.

सुमन सावळी, हसरी, हाताला चपळ. आमच्या गल्लीत ती शिवणाचे वर्ग घेई. वार्डातल्या बाळांना दुपटी, टोपडी तीच शिवून देई. बाविसाव्या वर्षापासून स्थळं येऊ लागली आणि पत्रिका पाहून परत जाऊ लागली. पहिल्या एक-दोघांच्या वेळी ती हसली. मग पाहुण्यांसाठी पोहे करणंच तिनं बंद केलं. "चहावर भागतं, मावशी," मला म्हणायची. "पत्रिका मागेपर्यंतच बसतात ते."

एकदा गुरुजी ड्यूटीवर मला भेटायला आले. बाकावर बसले नाहीत.

"सिस्टर, त्या पहाटे घड्याळ बरोबर होतं ना?"

आता मी खरं सांगते. बरोबर नव्हतं. त्याच सकाळी शेजारच्या खोलीत रेडिओवर सात वाजल्याचं सांगितलं तेव्हा आमच्या घड्याळात सातला दहा कमी होते. चावीचं घड्याळ, मागे पडायचंच. मी स्टुलावर चढून काटे पुढे केले होते. रजिस्टरमधली वेळ मात्र तशीच ठेवली. साडेपाच काय आणि पाच चाळीस काय, नव्या पोरीला कुठं कळत होतं! पुढं कळलं तेव्हा भीती वाटली. बावीस-तेवीस वर्षांची नोकरी, हेडसिस्टरचा हुद्दा, आणि आपल्या हातचं रजिस्टर खोटं म्हणायचं?

"बरोबर होतं, गुरुजी," मी म्हणाले.

"मग प्रश्नच मिटला," ते म्हणाले आणि छत्री घेऊन निघून गेले.

त्यानंतर सिन्नरचं एक स्थळ आलं. मुलगा शिक्षक. त्याला सुमन आवडली होती, तो दोनदा एकटाच येऊन गेला होता. तिनं त्या वेळी पोहे केले. मुलाच्या आईनं पत्रिका मागितली. गुरुजींनी लिहून दिली, आश्लेषा, शेवटचा चरण. आठ दिवसांनी पत्रिका पोस्टानं परत आली, आत चिठ्ठीसुद्धा नव्हती. सुमननं तो लिफाफा मला दाखवला. मी त्या रात्री जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी गुरुजींना बोलावून घेतलं आणि रिकाम्या लेबर रूममध्ये उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रेडिओ, दहा मिनिटं, माझं खोटं. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. "पाच चाळीस. म्हणजे मघा. पहिला चरण, अक्षर मा." मग हळूच म्हणाले, "मा वरून कितीतरी नावं होती."

"नवी पत्रिका लिहा ना, गुरुजी. मी डॉक्टरीणबाईंसमोर सांगते. लिहून देते. सिन्नरला मी स्वतः जाते."

"कोण ऐकेल? पोरीचं लग्न अडलं, आता बापाला घड्याळ आठवलं, असंच म्हणतील." ते थांबले. "आणि ते मालेगावचे? बाकीचे? पाया पडत होते माझ्या. त्यांना मी पाच मिनिटं दिली नाहीत. आता घरच्यासाठी दहा घेऊ?"

"पण हे खरं आहे!"

"त्यांचंही खरं असेल. घड्याळ हेच होतं."

मग त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि आपल्या मनगटाकडे बघून घड्याळ मिळवलं. तेव्हाही ते चार मिनिटं मागेच होतं. तो त्यांचा पहिला सोमवार.

सुमनला त्यांनी काही सांगितलं नाही. मीही नाही. सांगायला हवं होतं, हे आज लिहिताना हात धजतो, तेव्हा जीभ धजली नाही. तिनं पुढं स्थळं बघायची नाहीत असं सांगून टाकलं. वर्ग चालू ठेवले. चौतिसाव्या वर्षी तिला कावीळ झाली. आधी अंगावर काढली, मग ती औषधाला दाद देईना. अकरा दिवसांत गेली. तिच्या मशीनवर अर्धं टोपडं तसंच होतं.

दहाव्याला मी रामकुंडावर गेले. गोदावरीला पाणी बेताचं होतं. गुरुजी ओल्या पंच्यानं बसले होते, समोर पिंड, दर्भ, तीळ. त्यांना तसं उघड्या अंगानं मी कधी पाहिलं नव्हतं; फार बारीक दिसत होते. क्रियेच्या भटजींनी गोत्र विचारलं, त्यांनी सांगितलं.

"मुलीचं नाव?"

भटजींनी पुन्हा विचारलं.

"माधवी," ते म्हणाले.

मागे बसलेले त्यांचे धाकटे भाऊ पुढे वाकले. "दादा, सुमन. सुमन म्हणा." भटजी थांबले. नातेवाईक एकमेकांकडे बघू लागले. म्हातारा भ्रमला, असंच सगळ्यांना वाटलं असणार.

गुरुजींनी मान वळवली. गर्दीत त्यांनी मला शोधलं. बोलले भटजींशी, पण बघत माझ्याकडे होते.

"माधवी," ते म्हणाले. "मघा नक्षत्र, पहिला चरण. तेच म्हणा."

आणि त्यांनी ओंजळीतलं तिळाचं पाणी सोडलं.