धोंड्याचा महिना आणि आठव्यातलं बाळ

दुसऱ्या दिवशी रंगपंचमी होती, आणि अंधेरीतल्या आमच्या घरात भर दुपारी माझ्या पोटात कळ आली… पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हा. मी विशीतली पहिलटकरीण, आणि सासूबाईंच्या हिशेबाने मला आठवा चालू होता.

सातव्यातलं मूल जगतं, पण आठव्यातलं जगत नाही, असं तेव्हा घरोघरी ठामपणे मानत. सासूबाईंचं स्वतःचं पहिलं मूल आठव्यातच आलं आणि गेलं होतं. त्याबद्दल त्या कधी बोलत नसत, पण फाल्गुन लागल्यापासून त्यांनी मला साधी कळशीही उचलू दिली नव्हती.

त्यात मी पडले शिकलेली! लग्नाआधी बालवाडी शिक्षिकेचा कोर्स केला होता, त्यातलं एक जाडजूड पुस्तक माहेरून बरोबर आणलं होतं. मूल कसं शिकतं, का हट्ट करतं, यावर मोठमोठ्या लोकांची मतं होती त्यात… ती पानं मी सरळ उलटायचे आणि पोटातल्या बाळाच्या चित्रांपाशी येऊन बसायचे. कुठल्या महिन्यात ते केवढं होतं, कधी हलतं, कधी डोळे उघडतं.

पण माझं काहीच त्या चित्रांप्रमाणे होत नव्हतं. पुस्तकातलं बाळ पाचव्यात हलायचं, माझं चौथ्यातच हललं. सासूबाई म्हणाल्या, "भास असेल." पुढे पोटही दर महिन्याला पुस्तकाच्या पुढे… जुळं असेल? पाणी जास्त झालं असेल? की काही व्यंग? माझी झोप उडाली होती.

डॉक्टरीणबाईंनीसुद्धा विचारलं होतं, "पोट मोठं दिसतंय, महिने नीट मोजलेत ना?" मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी बोटांवर श्रावण, भाद्रपद, आश्विन असं घडाघडा मोजून दाखवलं, आणि मी मान डोलावली. इंग्रजी तारीख मी कुठे लिहून ठेवली होती! असल्या गोष्टी तेव्हा सुनेने बोलायच्याच नसत.

तर त्या दुपारी कळा सुरू झाल्या. हे ऑफिसात, घरात आम्ही दोघीच. सासूबाईंनी मला आडवं केलं, पायांखाली उशा सारल्या आणि बजावलं, "अजिबात उठायचं नाही. दिवस भरलेले नाहीत, कळा जिरवायच्या."

मी म्हटलं, घोडागाडी बोलवा, प्रसूतिगृहात जाऊ. त्या ऐकेनात. गाडीच्या धक्क्यांनी बाळ नक्की बाहेर येईल, हीच त्यांची भीती. देवापाशी जाऊन बसायच्या, परत यायच्या, माझ्या पोटावर हात ठेवायच्या. मला पुस्तकातलं आठव्या महिन्याचं ते बारकंसं बाळ डोळ्यांसमोर दिसत होतं आणि कळा काही जिरत नव्हत्या.

तेवढ्यात मागच्या गावठाणातली मार्थाबाई दारात आली. चार मुलांची आई, आमची रोजची शेजारीण. तिच्याकडे ईस्टरची गडबड होती, तरी माझं कण्हणं ऐकून ती हातातलं काम टाकून आली होती.

"काय गो, दिवस भरले ना हिचे? मग निजवून काय ठेवलंय?"

"आठवा आहे गं," सासूबाई रडवेल्या झाल्या.

"आठवा कुठला? सेंट पीटरच्या सणाला मी गरे घेऊन आले, तेव्हा ही पाळीची म्हणून बाजूला बसली होती. ओटीवर आम्ही दोघींनी मिळून खाल्ले. म्हणजे जून संपताना. आता मार्च संपला. मोजा की!"

तिने मोजलं… जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर… आणि नऊ झाले. सासूबाईंनी पुन्हा बोटं धरली. श्रावण, भाद्रपद… आठच.

मग त्या एकदम थांबल्या. "अगं बाई… मधला धोंड्याचा महिना!"

त्या वर्षी दोन श्रावण आले होते, एक अधिक आणि एक खरा. अधिकात कुठलंच शुभकार्य धरत नाहीत, म्हणून सासूबाईंनी तो पोटातल्या बाळाच्या हिशेबातूनही वगळून टाकला होता! "तुझ्या माहेराहून जावयाचं वाण आलं," त्या म्हणाल्या, "तेव्हा अनारशांच्या वासाने तुला मळमळलं होतं… आणि मी तुला पित्त म्हणून सुंठ दिली."

बाळ बिचारं पंचांग न बघता वाढत होतं.

मार्थाबाई धावत जाऊन घोडागाडी घेऊन आली. वाटेत दोघींनी मला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. सासूबाई सोवळ्यातल्या, एरवी तिच्या हातचं पाणीही न पिणाऱ्या, पण तिला अगदी खेटून बसल्या होत्या.

प्रसूतिगृहात पोचल्यावर फार वेळ लागला नाही. मुलगी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पूर्ण दिवसांची आहे, थोडा आणखी उशीर केला असतात तर मात्र कठीण होतं. सासूबाईंनी तिची मूठ उघडून नखं बघितली, बोटांच्या टोकापर्यंत पुरती वाढलेली. पुस्तकातल्या अगदी शेवटच्या चित्रात होती तशीच. मग त्या भिंतीकडे तोंड करून खूप रडल्या… मला वाटतं, त्यातलं थोडं त्यांच्या पहिल्या बाळासाठी होतं.

त्यानंतर दर अधिकात त्या अनारसे तळायच्या. पहिलं वाण जावयाचं असतं, तो मान. पण आमच्या घरी पहिलं ताट गावठाणात मार्थाबाईकडे जायचं, आणि ते घेऊन जायच्या त्या स्वतः.

आता त्या दोघीही नाहीत. मुलगी आजी झाली आहे, आणि अधिक महिना आला की ती मला न विचारताच अनारशांचं पीठ भिजवते… मार्थाबाईच्या नातवंडांसाठी.