थांबा म्हणणारा माणूस

मी तोफखान्यात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर हडपसरला घर घेतलं. तोफांच्या सरावात आमची एक रीत होती. धोका दिसला, तर कुणीही 'थांबा' ओरडायचं. हुद्दा बघायचा नाही. ओरडणारा कालचा जवान असो की स्वयंपाकी, तोफा तिथल्या तिथे गप्प व्हायच्या.

एकदा मी ओरडलो. समोरच्या माळावर मला कुणी बाई वाकलेली दिसली होती. माणसं पाठवली, तर बाभळीला अडकलेलं फाटकं लुगडं निघालं. सगळा सराव खोळंबला आणि मी मान खाली घालून उभा. साहेब एवढंच म्हणाले, "ठीक आहे. पुन्हा दिसलं तर पुन्हा ओरड." हा किस्सा मी लेकीला इतक्यांदा ऐकवला, की पुढेपुढे ती कानांवर हात ठेवायची.

हीच लेक सैन्यासाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत लागली. त्यांचा ड्रोन लक्ष्य स्वतः शोधतो. पण मारा करण्याआधी माणसाने पडद्यावर पाहून होकार द्यायचा, अशी रचना होती. चाचण्यांत माणसं फार वेळा नकार देतात आणि त्यातले बरेच विनाकारण असतात, अशी तक्रार आली. हुशार लोकांनी मग हुशार उपाय काढला. काही सेकंदांत नकार आला नाही, तर होकार धरायचा. आणि विनाकारण दिलेला नकार ही त्या माणसाची चूक म्हणून मोजायची.

"म्हणजे माझी तर नोकरीच गेली असती," मी म्हणालो.

"तेच सांगणार आहे मी उद्या मीटिंगमध्ये," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी उगाच बाल्कनीत येरझाऱ्या घालत राहिलो. तिच्या पगाराची मला काळजी नव्हती. तिचं ऐकलं जावं, माणसाचा तो नकार शाबूत राहावा, एवढंच वाटत होतं. असल्या यंत्रासमोर उद्या खरीच कुणी बाई वाकलेली असेल, हा विचार काही केल्या जाईना.

ती दुपारीच घरी आली आणि पर्ससकट सोफ्यावर बसली. तिचा चेहरा पाहून मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

"फार बोलले का गं तुला?"

"नाही हो बाबा. बोलले असते तर बरं होतं." तिचे डोळे भरून आले. "चांगला मुद्दा आहे, म्हणाले. आणि पुढचा विषय घेतला."