तंबाखूचे हात

आई गेल्यावर बाबा केनवडचं घर मोठ्या भावावर सोपवून आमच्याकडे वाशिमला राहायला आले. इथे त्यांना करमेना. मग गावाहून दोन पोती काळी माती आणून त्यांनी गच्चीवर तेलाच्या रिकाम्या डब्यांत टमाट्याची आठ रोपं लावली. गावात मिरची लावताना लोक पहिलं रोप त्यांच्या हातून लावून घेत. बाबांच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणत.

त्यांचा दिवस गच्चीवर जाऊ लागला. तळव्यावर तंबाखू मळायची, चिमूट ओठात धरायची आणि बोटं धोतराला पुसून झाडांकडे वळायचं. आगाऊ फुटवे खुडायचे, फांद्या सुतळीनं काठीला बांधायच्या. दीड महिन्यात झाडं कमरेएवढी झाली.

मग पानांवर फिकट पिवळे चट्टे दिसू लागले. नवी पानं अरुंद, पिळलेली येऊ लागली. बाबांना वाटलं मातीत कस कमी पडला. त्यांनी शेणखत घातलं, पण चार झाडांवरचे चट्टे सहा झाडांवर गेले. शेवटी मी एक फांदी घेऊन कृषी केंद्रात गेलो. दुकानदारानं ती उजेडात धरली.

"घरी तंबाखू कोन खाते?"

"वडील."

"मंग त्यायच्या हातावरून आला असन. मोझॅक रोग हाये हा, तंबाखूतून झाडाले लागते. याच्यावर औषध न्हाई. उपटून टाका."

घरी येईपर्यंत मी चिडलो होतो. तसाच गच्चीवर गेलो. शेजारच्या वहिनी आमच्या कुंडीतला कढीपत्ता न्यायला आल्या होत्या, बाबा त्यांना टमाट्याची फुलं दाखवत होते. मी थांबायला हवं होतं, पण थांबलो नाही.

"बाबा, तुमी तंबाखू मळता अन् त्याच हातानं झाडाले हात लावता. तुमच्याच हातानं रोग लागून राह्यला."

बाबांनी फांदीवरचा हात काढून घेतला. वहिनी कढीपत्ता न घेताच खाली गेल्या. बाबा म्हणाले, "मले कोनी सांगतलं न्हाई कधी."

मी झाडं उपटायला वाकलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "मी लावू का यायले हात? आता तं जातच हायेत."

मला त्यांच्याकडे बघवलं नाही. आम्ही दोघांनी मिळून आठही झाडं उपटली, पोत्यात भरून नेली आणि जाळली.

पंधरा दिवसांनी मी नवी माती भरून सहा रोपं लावली. बाबा खुर्चीवर बसून सांगत, "खालचं पान काढ, मातीले टेकते," आणि मी काढत असे. ते स्वतः जवळ येत नसत. एकदा मी साबण आणि पाण्याची बादली वर नेऊन ठेवली. त्यांनी ती पाहिली.

"नको. तुह्याच हातानं होऊ दे."

महिन्याभरात नव्या सहांपैकी एका झाडावर तसेच चट्टे आले. मी पुन्हा दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "जुन्या झाडाच्या काठ्या, सुतळ्या वापरल्या काय?"

मी सगळ्याच वापरल्या होत्या. रोग त्यांना चिकटून राहतो, तो बियाण्यातूनही येतो, असं तो सांगत होता. म्हणजे पहिल्या वेळी तरी तो तंबाखूतूनच आला होता, हे कोण सांगणार? मी मात्र दुकानदाराच्या एका शब्दावर विसंबून बोलून मोकळा झालो होतो.

त्या दिवशी मी आधी शेजारी जाऊन वहिनींना हे सांगितलं. मग जेवताना बाबांना.

"या खेपेला माह्या हातानं झालं, बाबा. मागचंही तुमच्यानंच झालं, असं न्हाई म्हनता येत. मी वहिनीलेही सांगून आलो."

"तिले कायले सांगाचं होतं?" ते म्हणाले आणि भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "ते झाड उद्या काढून टाक. बाकीच्यायले लागू नको देऊ."

सकाळी मी ते झाड काढलं आणि सगळ्या काठ्या, सुतळ्या जाळल्या. बाबा वर आले. जुन्या धुतलेल्या धोतराच्या चिंध्या आणि नव्या काठ्या त्यांनी सोबत आणल्या होत्या. त्यांनी कोपरापर्यंत हात साबणानं धुतले आणि पहिलं झाड बांधलं. मग उठून परत हात धुतले आणि दुसऱ्याकडे गेले. इतकं धुवायची गरज नाही, असं मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. मी बादलीतलं पाणी त्यांच्या हातांवर ओतत उभा राहिलो.