सामान डोळ्यासमोर पाहिजे

माझ्या विहीणबाईंचा मला राग आहे आणि तो जाईल असं वाटत नाही. लोक म्हणतात, नातू झाला, आता सोडा की. सोडवत नाही.

लेक माझी पोर्तुगालमध्ये असते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला विमानात बसायला मनाई केली. मग माहेरानेच तिकडे जायचं ठरलं. माहेर म्हणजे मी, लाखनीच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. माझं ठरल्यावर तुमसरहून विहीणबाईंचा निरोप आला, त्याही येणार. त्यांच्या घरची राईस मिल आहे. मिलमध्ये त्यांचा शब्द शेवटचा असतो, आणि जगातही तो तसाच असावा अशी त्यांची समजूत आहे.

व्हिसा यायला उशीर झाला. सिझेरियनचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी नऊला आणि आम्ही पोचणार बुधवारी संध्याकाळी. लेक फोनवर रडली. "आई, मले आत नेतीन त्याच्या आंदी तू दिसली पायजे." मी म्हटलं, आलीच समज.

जावयाने मोबाइलवर सगळं लिहून पाठवलं होतं. जर्मनीत विमान बदलायचं. तिथे पासपोर्टवर शिक्का घ्यायचा आणि आतल्या आत पुढच्या विमानाच्या गेटवर जायचं. मोठ्या बॅगा परस्पर पोर्तुगालला येतील, कस्टमची तपासणी तिथेच होईल. शेवटी लिहिलं होतं : बाहेर पडू नका. हे मी विहीणबाईंना नागपूरला वाचून दाखवलं, विमानात पुन्हा वाचून दाखवलं. दोन्ही वेळा त्या "हव, हव" म्हणाल्या.

जर्मनीत शिक्क्याच्या रांगेतच आमचा तास गेला. काचेआडच्या त्या पोरसवदा अधिकाऱ्याने परतीचं तिकीट मागितलं, विमा मागितला, जावयाचं पत्र मागितलं, आणि तरी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिथे धुणीभांडी करायलाच आले आहे. आयुष्यभर पोरांना दटावलेल्या डोळ्यांनी मीही त्याच्याकडे पाहिलं. शिक्का मारला मेल्याने.

पुढे दोन वाटा फुटत होत्या. डावीकडे गेट, उजवीकडे बॅगेचं चित्र. विहीणबाईंना चित्र दिसलं आणि त्या सरळ उजवीकडे निघाल्या.

"विहीणबाई, तिकडं नाही! सामान आपोआप येते."

"आपोआप? तुमसर रोड टेशनले गाडी बदलवतो तवा तांदराची बोरी आपोआप येते का जी? आपलं सामान आपल्या डोळ्यासमोर पायजे."

"त्या दारातून जाऊ नोका!"

गेल्या. दार आपोआप उघडलं, त्यांना आत घेतलं आणि मिटलं. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं की इथून परत येता येणार नाही.

विमान सुटायला पाऊण तास होता. माझं तिकीट माझ्या हातात होतं. गेट डावीकडे होतं आणि मी एकटी धावले असते तर नक्की पोचले असते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दोन पावलं मी टाकलीही. पण या बाईला ना इंग्रजी येतं ना मोबाइल हाताळता येतो. तिला परक्या देशात टाकून गेले असते तर ते माझ्या लेकीला जन्मभर ऐकावं लागलं असतं. तुझ्या आईनं माझ्या आईला वाऱ्यावर सोडलं, असं उद्या जावईसुद्धा म्हणाला असता. लेकीसाठी मी उजवीकडे वळले.

विहीणबाई कमरेवर हात ठेवून पट्ट्यासमोर उभ्या होत्या. लोकांच्या बॅगा फिरत होत्या. आमच्या येणार नव्हत्याच. मी दंडाला धरून ओढलं तर म्हणाल्या, "थांबा ना, मांगून येत असन." पुढची वीस मिनिटं त्या हलल्या नाहीत. मग वर जाऊन पुन्हा तपासणीची रांग, पुन्हा चपला काढा. त्यांच्या पाटल्या निघेनात आणि यंत्राचं ओरडणं थांबेना. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती.

गेटवर पोचलो तेव्हा ते बंद झालेलं. काचेतून विमान दिसत होतं, पण आम्हाला घेईनात. अडला हरी म्हणून मी त्या काउंटरवरच्या बाईला हात जोडले. तिने दुसऱ्या दिवशी दुपारची तिकिटं छापून दिली. आमच्या बॅगांचं काय, असं विचारल्यावर म्हणाली, प्रवासी चढले नाहीत म्हणून उतरवून ठेवल्यात.

मी हे विहीणबाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा खुलला. "पाहा! सामान इतंच हाये. मी का मनत होती?"

"तोंड बंद करा," मी म्हटलं. विहिणीला असं कुणी बोलत नाही. मी बोलले.

"मी बी माया नातवासाठीच आली," त्या पुटपुटल्या. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत आम्ही मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून बसलो. सकाळी जावयाचा फोन आला. मुलगा झाला होता, दोघंही सुखरूप होती. विहीणबाईंनी आनंदाने माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला.

पोर्तुगालला उतरल्यावर कस्टमवाल्याने दोघींच्याही बॅगा उघडल्या. तुपातले डिंकाचे लाडू चालत नाहीत म्हणे. आधी त्यांचा डबा कचऱ्याच्या टोपलीत गेला, मग माझा. त्यांचा आधी गेला याचं मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दवाखान्यात लेक निजून होती, ओठ सुकलेले. विहीणबाई आल्या आल्या पाळण्याकडे गेल्या आणि बाळाला पाहत राहिल्या. लेकीने मला जवळ ओढलं. मी जर्मनीतून फोनवर कळवलेलं सगळं जावयाने रात्रीच तिला सांगितलं होतं.

"तरी बी आत नेईपर्यंत मी दाराकडंच पाहून राहिली होती," ती हळूच म्हणाली. "तू कायले थांबली, आई? त्याईले तितंच सोडून याचं होतं."

विहीणबाई चार हातांवर उभ्या होत्या. मी तिच्या ओठांना पाणी लावलं.