वाजणारा झिंगा

रबरी झिंगा कानाशी हलवून बघायचा, ही आमची शुक्रवारची पहिली रीत होती.

माझा मित्र लूमवाला. चार लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, शेडमध्ये स्वतः उभा राहणारा. आम्ही एकाच मराठी शाळेत शिकलो. पुढे तो बापाच्या लूमवर गेला आणि मी मास्तर झालो. शुक्रवारी लूम बंद, माझी शाळा दुपारची. त्यामुळे सकाळी त्याच्या स्कूटरवरून गणेशपुरीच्या अलीकडे नदीवर मरळ धरायला जायचं आणि जुम्म्याच्या नमाजाआधी परत यायचं, असं कितीतरी वर्षं चाललं.

गळाला लावायचे झिंगे तो मोबाईलवरून मागवायचा. परदेशातल्या माशांसाठी बनवलेले, मऊ रबराचे, नांग्या या एवढ्या. "हे नांगे बघून आपली मरळ पळेल रे," म्हणायचा. मग ब्लेडने नांग्या तासून पातळ करायच्या, म्हणजे पाण्यात त्या थरथरतात. लूमवरच्या उरलेल्या सुताच्या मिशा ओवायच्या. पोटात चीर देऊन पेनच्या नळीचा तुकडा बसवायचा, त्यात शिशाचे दोन बारीक छर्रे. तापवलेल्या तारेने चीर चिकटवली की झिंगा पाण्यात खुळखुळतो. गढूळ पाण्यात मरळ त्या आवाजावर येते.

झिंगा तयार झाला की आधी तो आपल्या कानाशी हलवायचा, मग माझ्या.

"वाजतंय का न्हाय, मास्तर?"

"वाजतंय."

यात एक करार होता. त्याचे वडील लूमच्या आवाजाने ठार बहिरे झाले होते. लूमवाल्यांच्या घरात सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे वडिलांचे कान गेले हे घरात फार उशिरा कळलं. हा एकदा मला म्हणाला होता, "माझं पण तसंच व्हनार. मला कळणार न्हाय, घरच्यांना कळणार न्हाय. ज्या दिवशी तुला झिंगा ऐकू येईल नि मला न्हाय, त्या दिवशी तोंडावर सांग. लूम इकून वडप्याला भावाच्या गोडाऊनवर जाऊन बसेन."

मी हो म्हणालो होतो.

तो दिवस आला तेव्हा आम्ही नदीकाठी दगडावर बसलो होतो. त्याने झिंगा हलवला, पुन्हा हलवला, कपाळाला आठ्या घातल्या. मग माझ्या कानाशी धरला. छर्रे स्वच्छ वाजत होते.

"न्हाय ना वाजत?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

का, ते आज लिहितो. गोडाऊनला शुक्रवारची सुट्टी नसते. माझ्या घरात मी एकटा. बायको गेल्यापासून मला कुणी नावाने हाक मारत नव्हतं. आठवड्यात एक सकाळ कुणीतरी माझी टिंगल करत होतं, डब्यातला खिमा माझ्या पोळीत गुंडाळत होतं. तेवढी सकाळ मला सोडवेना. दया म्हणून खोटं बोललो असतो तर निदान सांगायला तोंड असतं.

त्याने तो चांगला झिंगा फाडला, नळी काढली, तिसरा छर्रा घातला. पुढच्या शुक्रवारी चौथा. मी कधी "वाजतंय" म्हणायचो, कधी "नाही", त्याचा चेहरा बघून. असं दोन वर्षं. "हाताला काय झालंय कळत न्हाय," म्हणायचा. "आपला हात बिघडला, मास्तर." अख्खं आयुष्य तुटलेल्या धाग्याला डोळे मिटून गाठ मारणारा माणूस स्वतःच्या बोटांवर शंका घेत होता, आणि मी गळ टाकून पाण्याकडे बघत होतो.

धामणकर नाक्यावर एकदा मागून टेम्पो हॉर्न देत आला आणि हा हललाच नाही. मी बाही धरून ओढलं. "अरे, लक्ष न्हवतं," तो हसला. मीही हसलो.

शेवटी भाभीच त्याला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. मलाही बोलावलं. डॉक्टरांनी कागदावर लिहून विचारलं, कधीपासून कमी ऐकू येतं? त्याने कागद वाचून माझ्याकडे बोट केलं.

"याला इचारा. हा दर शुक्रवारी तपासतो."

भाभी माझ्याकडे बघत होत्या. "भाई, तुम्हाला काहीच जाणवलं नाही?"

"नाही," मी म्हणालो. "हळूहळू झालं असणार."

डॉक्टर म्हणाले, आधीच लूमपासून दूर केलं असतं तर उरलेलं वाचलं असतं. ते त्याला ऐकू गेलं नाही. तो माझ्या ओठांकडे बघून मान हलवत होता. माझ्या उत्तराला दुजोरा देऊन भाभींसमोर मला सांभाळून घेत होता.

लूम विकले. आता तो वडप्याला गोडाऊनच्या दारात खुर्चीवर बसतो. मशीन कानात घालतो, पण त्यात नुसती घरघर येते म्हणतो. जाताना त्याने झिंग्यांचा डबा माझ्या हातात दिला. "तू ने. तुला ऐकू येतं."

काल तो डबा पहिल्यांदा उघडला. एकेक झिंगा कानाशी धरला. सगळे वाजतात. ज्यांना मी नाही म्हणालो होतो तेही, चार चार छर्रेवाले, चिरून चिकटवून पोट फाटलेले.

हे कागद मी उद्या वडप्याला नेणार आहे. त्याला मराठी वाचता येतं, माझं अक्षरही लागतं. वाचून होईपर्यंत मी त्याच्या खुर्चीसमोर उभा राहीन. मग तो जे बोलेल, ते लूमवाल्याच्या आवाजात, मोठ्याने बोलेल. मला ऐकू येतं.