कोऱ्या जागेवरची सही

सही माझीच होती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावात या गोष्टीच्या तीन तऱ्हा फिरतात आणि तिन्हींत मला कुणीतरी फसवलेलं असतं. मला कुणी फसवलं नाही. बावीस वर्षं वकिली केलेली बाई मी. पक्षकारांवर रोज खेकसायची, "कोऱ्या कागदावर अंगठा मारू नका रे बाबांनो!" आणि नगरसेविका झाल्यावर स्वतः तेच करून बसले.

आमच्या नगरपरिषदेत एक रीत होती. पुरुष सदस्य सभागृहात सही करत. बायकांसाठी शिपाईदादा सभेचं रजिस्टर दुसऱ्या दिवशी घरोघरी फिरवत. बहुतेक नगरसेविकांच्या जागी सभेला त्यांचे नवरेच बसत, म्हणून ही सोय. मी स्वतः जायची, तावातावानं भांडायची, तरी रजिस्टर माझ्याही दारात यायचं. शेवटी 'ऐनवेळचे विषय' असा मथळा आणि त्याखाली अर्धं पान मोकळं.

"हे काऊन मोकळं हो, दादा?" मी पहिल्यांदा विचारलं.

"ते मंग भरतात, ताई. सगळ्याच करतात सही."

सगळ्याच करतात! गॅसवर भाजी, ओसरीत पक्षकार, मी केली. मग दर महिन्याला करत गेले.

त्यात गेलं काय, ते सांगते. आठवडी बाजाराच्या कोपऱ्यातल्या जागेवर बायकांसाठी स्वच्छतागृह व्हायचं होतं. तो ठराव मीच मांडून, भांडून मंजूर करून घेतला होता. वरवट बकालहून भाजी घेऊन येणारी एक काकू मला म्हणाली होती, "बाजाराच्या दिशी मी सकायपासून पानी पीत नाई, बाई." आमच्या घाटाखालचं मे महिन्यातलं ऊन ज्यानं सोसलंय, त्याला पुढचं सांगावं लागत नाही.

एका बाजाराच्या दिवशी बघते तर त्या कोपऱ्यात चुन्याची फक्की मारून दुकानांच्या गाळ्यांची आखणी झालेली. तशीच नगरपरिषदेत गेले, रजिस्टर मागवलं. 'ऐनवेळचे विषय' खाली कुणीतरी सुंदर अक्षरात लिहिलं होतं: स्वच्छतागृहाची जागा व्यापारी गाळ्यांसाठी देण्यात यावी, सर्वानुमते मंजूर. त्याखाली माझी सही, चांगली ठसठशीत.

काकूला मी खरं तेच सांगितलं. तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "मंग वकील कायची वं तू?"

शरमेनं मेल्यासारखं झालं मला. पण रागही आला, आणि तो उतरला नाही.

बार रूममधले आमचे एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "सोपं आहे. सही माझी नाहीच, असं लिहून दे. तपासणीत वर्षं जातील, काम अडून राहील, तुझं नावही वाचेल." आणि शिपाईदादा? रजिस्टर त्यांच्या हातून फिरलेलं. निवृत्तीला आलेला माणूस माझ्यापायी फौजदारीत गेला असता. खड्ड्यात गेलं असलं नाव! मी कलेक्टरांकडे ठराव स्थगित करण्याचा अर्ज केला आणि प्रतिज्ञापत्रात लिहिलं: सही माझी आहे, सही केली तेव्हा जागा कोरी होती.

घरी नवरा म्हणाला, "लोक हसतील."

"हसू देत. दात त्यांचे आहेत."

सुनावणीसाठी घाट चढून बुलढाण्याला गेलो. नोटिसा सगळ्याच सदस्यांना होत्या. आमच्या नगरसेविका मी पहिल्यांदाच एका ठिकाणी बसलेल्या पाहिल्या. मागच्या रांगेत त्यांचे नवरे.

नगरपरिषदेचे वकील मला म्हणाले, "मॅडम, वकील असून कोऱ्या पानावर सही केलीत?" मागे हशा पिकला.

"केली. मूर्खपणा केला," मी म्हणाले. "पण माझ्या मूर्खपणाच्या पायावर गाळे बांधता येत नाहीत."

कलेक्टरांनी चष्मा काढला. "पान कोरं होतं, असं तुमच्याशिवाय आणखी कोणी म्हणतं का?"

मी कुणाकडे पाहिलंही नाही. कशाला उगाच आशा करायची? आता अर्ज फेटाळला जाणार, काकूची जागा गेली, हे मी मनात धरून चालले होते.

तेवढ्यात खुर्ची सरकली. तीन वर्षांत जिला मी सभेत एकदाही पाहिलं नव्हतं ती नगरसेविका उभी राहिली.

"माही बी सही कोऱ्यावरच हाय, साहेब."

मागून तिचा नवरा दबक्या आवाजात खेकसला, "अवं, खाली बस! तुले काय समजते त्याच्यातलं?"

तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "तुम्ही बसा जी. नोटीस माह्या नावाची हाय."

तो बसला. मग आणखी दोघी उठल्या, आणि साहेबांनी स्थगिती लिहायला घेतली.