काकांचं जॉइंट खातं

माझ्या वडिलांच्या मावसभावाइतका संशयी माणूस अख्ख्या जुन्नर तालुक्यात झाला नाही, आणि झाला असेल तर काकांनी त्याच्यावरही संशय घेतला असेल. जन्मापासून डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण मेथीची जुडी हातात पडली की ती हुंगून "कालची हाय राव" म्हणत परत करायचे. गाडी ओतूरची आहे असं खुद्द कंडक्टरने सांगितलं तरी आणखी दोघातिघांना विचारल्याशिवाय पायरीवर पाय ठेवत नसत. विश्वास फक्त खोडदच्या त्या मोठाल्या रेडिओ दुर्बिणींवर. त्या आभाळाकडे बघत नाहीत, नुसतं ऐकतात, असं कळल्यापासून काका त्यांना भावकीतच धरायचे. "त्यांच्यासाठी सरकारनं एवढी जमीन घेतली," ते म्हणत, "अन् मला साधं खातं देत न्हाईत!"

खात्याचं दुःख खरंच होतं. काका दोर फार सुरेख वळायचे, पण दावी-कासरे विकून आलेला पैसा थोरल्या भावाकडे जायचा आणि तंबाखूलासुद्धा त्याच्यापुढे हात पसरावा लागायचा. नव्वदच्या दशकात कधीतरी मीच त्यांना ओतूरच्या बँकेत घेऊन गेलो. साहेब म्हणाले, एकट्या अंध माणसाच्या नावावर खातं निघत नाही, जोडीला कुणीतरी डोळस आणा. आम्हाला वाटलं, भाऊ नाहीतर पुतण्या येईल. काकांनी आणला शेजारचा शेतकरी, ज्याच्याशी बांधावरून त्यांची कोर्टात केस चालू होती! घरात नुसता आकांत. काका शांत. "घरच्यानं खाल्लं तर झाकून जाईल. ह्यानं रुपाया हलवला तर गाव आधी ह्याचीच गचांडी धरंल. लई जपंल त्यो." वैरीही तसलाच. "मला चोर ठरवतो व्हय? बघतोच!" म्हणून तो सहीला उभा राहिला.

मग वर्षानुवर्षं बाजारच्या दिवशी दोघं एकाच एसटीने बँकेत जायचे आणि बांधावरून भांडत परत यायचे. केसच्या तारखेलाही जुन्नरला सोबतच जात. वकील दोघांनाही वैतागले होते.

पुढे नियम बदलला. नवा साहेब म्हणाला, आता तुमच्या एकट्याच्या नावावर खातं निघेल. काकांनी अंगठा इतक्या जोरात दाबला की टेबल हललं. नवं पासबुक ते कितीतरी वेळ छातीशी धरून बसले होते, आणि खरं सांगतो, मलाही भरून आलं. साहेबाने विचारलं, "मग जुनं बंद करू ना?"

काकांनी दाराकडे कान लावला. वैरी बाहेर दारात कुणालातरी कांद्याचा भाव विचारत होता. काका पुढे झुकून हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या त्यात थोडं. म्हाताऱ्याला पोरं कामाबिगर घराभाईर सोडत न्हाईत. खात्याचं नाव सांगून येतो बिचारा."

ते खातं शेवटपर्यंत तसंच राहिलं. आता दोघंही नाहीत. ओतूरच्या बाजारात गेलो की अजून बँकेच्या दाराकडे नजर जाते, आणि इतका विश्वासाचा वैरी आपल्याला जन्मात कुणी मिळाला नाही, याचं वाईट वाटतं.